मुलांमागचे टॅक्स क्रेडिट आणि महिन्याचा हिशेब: अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

जुलै २०२५ मध्ये अमेरिकेत नवा करकायदा झाला आणि मुलामागे मिळणारे चाइल्ड टॅक्स क्रेडिट २,००० वरून २,२०० डॉलरवर गेले. त्यानंतर आमच्या ओळखीतल्या अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला: "आता महिन्याला किती जास्त येणार?" वाढ वर्षाला २०० डॉलरची आहे, म्हणजे महिन्याला जेमतेम १७ डॉलर. ती पगारात आपोआप येत नाही, आणि ज्या मुलाकडे कामासाठी ग्राह्य असलेला सोशल सिक्युरिटी क्रमांक, म्हणजे एसएसएन, नाही, त्याच्यामागे एक सेंटही वाढलेला नाही.

हे मला आधी कुणी सांगितले असते तर आमचे एक वर्ष सुरळीत गेले असते. आमची मोठी मुलगी पुण्यात जन्मली आणि एच-४, म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या, व्हिसावर इथे आली. धाकटा मुलगा न्यू जर्सीत जन्मला. माझ्या नवऱ्याने डब्ल्यू-४, म्हणजे पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणाऱ्या, फॉर्मवर "सतरा वर्षांखालील मुले: दोन" असे लिहून ४,००० डॉलरचे क्रेडिट गृहीत धरले होते आणि त्या हिशेबाने वर्षभर पगारातून कर कमी कापला गेला. फेब्रुवारी २०२३ च्या एका रात्री जेवणाच्या टेबलावर चौघांचे पासपोर्ट मांडून आम्ही २०२२ चे रिटर्न भरायला बसलो. सॉफ्टवेअरच्या कोपऱ्यात ९०० डॉलर परतावा दिसत होता, हिरव्या अक्षरात. मोठीच्या नावापुढे तिचा क्रमांक, जो एसएसएन नव्हता, टाकला आणि तो आकडा लाल झाला: ६०० डॉलर भरायचे. तिच्यामागे २,००० ऐवजी फक्त ५०० मिळणार होते. त्या ९०० डॉलरवर आम्ही उन्हाळ्यातल्या भारतवारीच्या तिकिटांचा पहिला हप्ता धरून बसलो होतो.

हा लेख मुख्यतः एच-१बी आणि एच-४ व्हिसावर आलेल्या, एक-दोन मुले असलेल्या आणि पगारावर घर चालवणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. येथील करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते आणि २०२५ च्या उत्पन्नाचे रिटर्न १५ एप्रिल २०२६ पर्यंत भरायचे असते. आपल्याकडच्या मार्चअखेरची सवय काही दिवस मनातून काढावी लागते.

१. क्रेडिट आणि वजावट यांतला फरक आधी समजून घ्या

भारतात ८०सी सारख्या कलमांखाली मिळते ती वजावट असते: उत्पन्नातून काही रक्कम वगळली जाते आणि उरलेल्या उत्पन्नावर कर बसतो. क्रेडिट थेट करातून वजा होते. तुमचा वर्षाचा कर ९,००० डॉलर असेल आणि क्रेडिट २,७०० असेल, तर कर ६,३०० उरतो. म्हणूनच मुलामागचे क्रेडिट बदलले की त्याचा परिणाम घरखर्चावर डॉलरला डॉलर होतो.

क्रेडिटचा काही भाग परतावायोग्य असतो, म्हणजे कर शून्यावर आला तरी उरलेली रक्कम हातात मिळू शकते. २०२५ साठी ही मर्यादा प्रत्येक मुलामागे १,७०० डॉलर आहे, आणि ती २,५०० डॉलरच्या वरच्या कमाईच्या १५ टक्के या प्रमाणात मोजली जाते. बहुतेक एच-१बी कुटुंबांचा कर क्रेडिटपेक्षा जास्तच असतो, त्यामुळे त्यांना या भागाची फारशी गरज पडत नाही. पण घरात काही महिने पगार नसेल, तर हाच भाग महत्त्वाचा ठरतो.

२. काय बदलले आणि केव्हा, ते क्रमाने पाहा

जुन्या वर्षांचे आकडे माहीत नसतील, तर मित्रमंडळींचे सल्ले ऐकून गोंधळ होतो, कारण प्रत्येक जण आपण आलो त्या वर्षाचा नियम सांगत असतो.

२०१७ पर्यंत मुलामागे १,००० डॉलर मिळत आणि मुलाकडे आयटीआयएन, म्हणजे ज्यांना एसएसएन मिळू शकत नाही त्यांना करविभाग देतो तो क्रमांक, असला तरी चालत असे. २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून ही रक्कम २,००० केली, पण मुलाकडे एसएसएन असण्याची अट घातली. ज्यांच्याकडे तो नाही त्यांच्यासाठी ५०० डॉलरचे वेगळे क्रेडिट ठेवले. आपल्या व्हिसावरच्या कुटुंबांसाठी खरा मोठा बदल तो होता.

२०२१ या एका वर्षासाठी सहा वर्षांखालील मुलामागे ३,६०० आणि त्यावरील मुलामागे ३,००० डॉलर ठरले, आणि त्यातले निम्मे पैसे जुलै ते डिसेंबर दरमहा खात्यात जमा झाले. चार वर्षांच्या मुलामागे महिन्याला ३०० डॉलर येत होते. पती-पत्नीचे मिळून उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर असेल, तर वाढीव भाग उतरत जात असे. जानेवारी २०२२ मध्ये हे हप्ते थांबले. सहा महिन्यांत ती रक्कम डे-केअरच्या फीमध्ये मुरून गेली होती, आणि ज्यांनी ती कायमची मिळकत धरली होती त्यांना दुहेरी फटका बसला: महिन्याचे पैसे बंद झाले आणि निम्मे क्रेडिट आधीच हाती आल्यामुळे वसंतातला परतावाही तेवढ्याने लहान झाला. २०२२ पासून पुन्हा २,००० चाच नियम लागू झाला.

४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या कायद्याने २०२५ या करवर्षापासून २,२०० डॉलर केले आणि पुढे ही रक्कम महागाईनुसार वाढेल अशी तरतूद केली. मुलाच्या एसएसएनची अट कायमची झाली, आणि रिटर्न एकत्र भरणाऱ्या पती-पत्नींपैकी किमान एकाकडेही कामासाठी ग्राह्य असा एसएसएन असला पाहिजे, ही नवी अट आली. इतर अवलंबितांसाठीचे ते ५०० डॉलरचे क्रेडिटही कायम झाले, पण ते महागाईनुसार वाढणार नाही. जुना कायदा २०२५ अखेर तसाच संपला असता, तर क्रेडिट १,००० वर आले असते, पण एसएसएनची अटही संपली असती आणि एच-४ वरच्या मुलाला ५०० ऐवजी १,००० मिळाले असते. "क्रेडिट वाढले" ही बातमी आपल्यातल्या बऱ्याच घरांत उलट्या बाजूने लागू पडते, ते यामुळे.

३. प्रत्येक मुलाचा क्रमांक कोणता, हे कार्डावर पाहून ठरवा

तुमच्या घराचा आकडा कोणत्याही कायद्यापेक्षा या पायरीवर जास्त अवलंबून आहे.

येथे जन्मलेले मूल अमेरिकेचे नागरिक असते. रुग्णालयात जन्मनोंदणी करतानाच एसएसएनसाठी अर्ज करता येतो आणि कार्ड टपालाने घरी येते. अशा मुलामागे पूर्ण २,२०० मिळतात. डिसेंबरच्या ३१ तारखेला जन्मलेले मूलही त्या संपूर्ण वर्षासाठी धरले जाते.

भारतात जन्मलेले आणि एच-४ वर असलेले मूल सामान्यतः एसएसएनसाठी पात्र नसते. त्याला आयटीआयएन घ्यावा लागतो आणि त्याच्यामागे ५०० डॉलरच मिळतात. दोन्ही क्रमांक नऊ आकडी असतात, त्यामुळे "नंबर तर आहे" असे म्हणून पुढे जाणे सोपे असते. आयटीआयएन नेहमी ९ ने सुरू होतो. एवढी खूण लक्षात ठेवावी.

एसएसएनच्या कार्डावर कामासाठी ग्राह्य नाही असा शिक्का असेल, तर तो क्रमांक या क्रेडिटसाठी उपयोगाचा नाही. याउलट गृहसुरक्षा विभागाच्या परवानगीनेच काम करता येईल असा मजकूर असेल, तर ती परवानगी चालू असेपर्यंत क्रमांक चालतो. ज्या कुटुंबांचा ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, म्हणजे आय-४८५, दाखल झाला आहे त्यांच्या मुलांना कामाचे परवानापत्र, ज्याला आपण सर्रास ईएडी म्हणतो, मागता येते आणि त्याच्या आधारे एसएसएनही मिळतो. सात वर्षांच्या मुलाला कामाचा परवाना कशाला, असे म्हणून अनेक पालक हा अर्जच करत नाहीत. त्याचे उत्तर वर्षाला १,७०० डॉलर असे आहे.

तारखेचा सापळा येथे लक्षात घ्यावा. हा क्रमांक त्या वर्षाच्या रिटर्नच्या अंतिम तारखेपूर्वी, मुदतवाढ घेतली असल्यास वाढीव तारखेपूर्वी, दिला गेलेला असला पाहिजे. नंतर मिळालेला क्रमांक दाखवून मागच्या वर्षांची दुरुस्ती रिटर्ने भरता येत नाहीत. म्हणून मार्च महिन्यात मुलाचे ईएडी किंवा ग्रीन कार्ड येण्याच्या बेतात असेल, तर फॉर्म ४८६८ भरून १५ ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ घेण्याचा विचार जरूर करावा. मात्र ही मुदतवाढ कागद भरण्यासाठी असते. कर देणे निघत असेल तर तो एप्रिलमध्येच भरावा लागतो.

आमची मोठी आता बारा वर्षांची आहे. भारतात जन्मलेल्यांसाठी ग्रीन कार्डची रांग किती लांब आहे हे मी नव्याने सांगायला नको. ती सतरा वर्षांची होण्याआधी तिच्या हातात तो क्रमांक येईलच असे नाही, आणि त्यानंतर आला तरी या क्रेडिटसाठी त्याचा उपयोग नसेल. म्हणून आम्ही आमचे अंदाजपत्रक ५०० वरच बांधतो आणि तुम्हालाही तेच सुचवते.

४. कागदपत्रे एका जागी ठेवा

रिटर्न भरण्याच्या आठवड्यात शोधाशोध करण्यापेक्षा जानेवारीतच एक पाकीट तयार करावे. त्यात पुढील गोष्टी असाव्यात.

- पती-पत्नींची व मुलांची एसएसएन कार्डे किंवा आयटीआयएन दिल्याचे करविभागाचे पत्र.
- सर्वांचे पासपोर्ट, व्हिसाची पाने आणि आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या, नोंदी. अमेरिकेत प्रत्येक जण किती दिवस होता हे यावरून मोजता येते.
- मुलांचे जन्मदाखले. महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला फक्त मराठीत असेल, तर त्याचे इंग्रजी भाषांतर.
- मूल तुमच्याकडेच राहते हे दाखवणारे शाळेचे किंवा डॉक्टरांचे पत्र, ज्यावर तुमचा पत्ता असेल.
- दोघांचे डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारे, फॉर्म. कंपनीने ते ३१ जानेवारीपर्यंत द्यायचे असतात.
- डिसेंबरचा शेवटचा पे-स्टब, म्हणजे पगाराची पावती, आणि मागील वर्षाचे रिटर्न.
- भारतातील मुदत ठेवींवरील व्याज व घरभाड्याची नोंद, कारण निवासी करदात्याचे जगभरातले उत्पन्न येथे दाखवावे लागते.
- डे-केअरच्या पावत्या आणि त्यांचा करक्रमांक.

नव्या मुलासाठी आयटीआयएन हवा असेल, तर डब्ल्यू-७ हा अर्ज रिटर्नसोबत जोडून पाठवावा लागतो. मूळ पासपोर्ट टपालाने पाठवायचा नसेल, तर करविभागाने मान्यता दिलेल्या स्वीकृती-एजंटकडे जाऊन तो तपासून घेता येतो. मुलांच्या बाबतीत ते पासपोर्ट आणि जन्मदाखला तपासून मूळ प्रती परत देतात. करहंगामात या अर्जाला नऊ ते अकरा आठवडे लागू शकतात, आणि सलग तीन वर्षे रिटर्नमध्ये न वापरलेला आयटीआयएन कालबाह्य होतो.

नावांकडे आपण मराठी लोकांनी विशेष लक्ष द्यावे. आपल्या पद्धतीत मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, आणि पासपोर्टवर पहिली दोन नावे बहुधा एकाच रकान्यात असतात. लग्नानंतर बदललेले आडनाव एका कागदावर असते आणि माहेरचे दुसऱ्यावर. रिटर्नमधले आडनाव आणि एसएसएनच्या नोंदीतले आडनाव जुळले नाही, तर ऑनलाइन भरलेले रिटर्न परत येते. रिटर्नमध्ये नाव कार्डावर जसे आहे तसेच लिहावे.

५. तुमच्या घराचा आकडा काढा

कागद-पेन्सिल घेऊन बसावे. दहा मिनिटांचे काम आहे. प्रत्येक मुलासाठी तीन प्रश्न विचारायचे. ३१ डिसेंबरला ते सतरा वर्षांखालचे होते का? ते वर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ तुमच्यासोबत राहिले का? त्याच्याकडे ग्राह्य एसएसएन आहे का? तिन्हीची उत्तरे होकारार्थी असतील तर २,२०० लिहा. वय जास्त असेल किंवा क्रमांक आयटीआयएन असेल, पण ते तुमच्यावर अवलंबून असेल आणि करासाठी अमेरिकेचे निवासी ठरत असेल, तर ५०० लिहा.

आमच्यासारख्या घरात, म्हणजे एक मूल आयटीआयएनचे आणि एक एसएसएनचे असताना, बेरीज २,७०० होते. २०२४ मध्ये ती २,५०० होती. कायद्यातल्या बदलाने आमच्या वार्षिक अंदाजपत्रकात २०० डॉलरची भर पडली. उद्या मोठीला ग्राह्य एसएसएन मिळाला, तर बेरीज ४,४०० होईल, म्हणजे वर्षाला १,७०० आणि महिन्याला साधारण १४२ डॉलर जास्त. म्हणजे आमच्या घरासाठी एका कार्डाची किंमत कायद्यातल्या वाढीच्या साडेआठपट आहे. बातम्यांमधल्या आकड्यांपेक्षा स्वतःच्या घरातल्या कार्डांकडे पाहा, असे मी आग्रहाने सांगते ते यासाठी.

उत्पन्नाची मर्यादा पती-पत्नींनी एकत्र रिटर्न भरल्यास ४ लाख डॉलर आणि इतरांसाठी २ लाख डॉलर आहे. त्यावरच्या प्रत्येक हजारामागे, किंवा हजाराच्या अंशामागे, ५० डॉलर कमी होतात. ही मर्यादा महागाईनुसार वाढत नाही. दोघेही चांगल्या पगारावर असतील आणि त्याच वर्षी कंपनीचे शेअर हाती आले असतील, तर हा आकडा पाहून घ्यावा.

पहिल्या वर्षी आलेल्यांनी थोडे थांबावे. एक ऑक्टोबरला एच-१बी सुरू करून तेव्हाच तुम्ही प्रथम अमेरिकेत आला असाल, तर वर्षअखेर ९२ दिवसच होतात आणि निवासी ठरण्यासाठीच्या १८३ दिवसांच्या कसोटीत तुम्ही बसत नाही. अनिवासी म्हणून १०४०-एनआर हे रिटर्न भरणाऱ्या एच-१बीवरच्या भारतीयाला मुलांमागचे क्रेडिट मिळत नाही. निवासी म्हणून धरले जावे यासाठीचे काही पर्याय कायद्यात आहेत, पण ते निवडल्यावर भारतातले उत्पन्नही हिशेबात येते. त्या एका वर्षासाठी अनुभवी सीपीएची, म्हणजे इथल्या सनदी लेखापालाची, फी देणे मला वाजवी वाटते.

राज्याचे क्रेडिट वेगळे असते. न्यू जर्सीत पाच किंवा त्याहून कमी वयाच्या मुलामागे १,००० डॉलरपर्यंत मिळतात, आणि तिथे आयटीआयएनही चालतो. पण राज्याच्या हिशेबाने करपात्र उत्पन्न ८०,००० डॉलरपर्यंतच असावे लागते. एकच पगार असलेल्या नव्या कुटुंबाने हा रकाना रिकामा सोडू नये.

६. तो आकडा पगारात आणा: डब्ल्यू-४

येथे क्रेडिट दरमहा हाती येत नाही. ते एकतर पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर परताव्यात दिसते, किंवा डब्ल्यू-४ फॉर्मच्या तिसऱ्या पायरीत लिहिल्यास पगारातून कापला जाणारा कर तेवढा कमी होतो. घराचे अंदाजपत्रक या निवडीवर उभे राहते.

तिसऱ्या पायरीत दोन ओळी असतात: सतरा वर्षांखालील पात्र मुले आणि इतर अवलंबित. आमची चूक याच ठिकाणी झाली होती. आयटीआयएन असलेले मूल कितीही लहान असले तरी त्याला दुसऱ्या ओळीत, ५०० च्या ओळीत, लिहायचे. २०२५ च्या फॉर्मवर पहिल्या ओळीपुढे २,००० छापलेले होते, कारण तो कायद्याआधीच निघाला होता. २०२६ च्या फॉर्मवर २,२०० आहेत. म्हणून २०२५ मधली २०० डॉलरची वाढ पगारात दिसली नाही, ती रिटर्न भरल्यावरच कळते. जुना फॉर्म तसाच ठेवला, तर पुढेही तसेच होत राहील.

दर दोन आठवड्यांनी पगार मिळत असेल, तर वर्षात २६ पगार होतात. आमचे २,७०० डॉलर २६ ने भागले की प्रत्येक पगारात साधारण १०४ डॉलर जास्त हाती येतात. चुकून ४,४०० लिहिले, तर प्रत्येक पगारात ६५ डॉलर फाजील येतात. ते दूध-भाजीत, पेट्रोलमध्ये सहज खर्च होतात आणि एप्रिलमध्ये १,७०० डॉलरचा खड्डा समोर येतो.

दुसरा नेहमीचा सापळा म्हणजे दोघेही नोकरी करत असताना दोघांनीही आपापल्या डब्ल्यू-४ वर मुले लिहिणे. तिसरी पायरी एकानेच, ज्याचा पगार जास्त आहे त्याने, भरावी. दुसऱ्याने ती कोरी ठेवावी. शिवाय दोन नोकऱ्या असल्याची दुसरी पायरी दोघांनीही भरावी. एच-४ वर असलेल्या जोडीदाराला ईएडी मिळून नवी नोकरी लागते, त्या वर्षी ही चूक हमखास होते, कारण पहिल्या नोकरीतला जुना फॉर्म बदलायचे कुणाच्या लक्षात येत नाही.

रिटर्न भरताना १,००० डॉलर किंवा अधिक देणे निघाले, तर दंड लागू शकतो. चालू वर्षाच्या कराचे ९० टक्के किंवा मागील वर्षाच्या कराइतकी रक्कम आधीच कापली गेली असेल तर लागत नाही. मागील वर्षाचे उत्पन्न दीड लाखावर असेल, तर दुसऱ्या कसोटीसाठी ११० टक्के धरतात. करविभागाच्या संकेतस्थळावरचा टॅक्स विथहोल्डिंग एस्टिमेटर दोन्ही पे-स्टब समोर ठेवून भरला, तर बराच अंदाज येतो.

परतावा मोठा यावा म्हणून तिसरी पायरी मुद्दाम कोरी ठेवणारी कुटुंबे मला माहीत आहेत, आणि त्यात गैर काही नाही. ती सक्तीची बचत होते. पण क्रेडिट कार्डावर थकबाकी असेल, तर दर महिन्याला तिच्यावर व्याज भरत स्वतःचे पैसे सरकारकडे बिनव्याजी ठेवणे परवडत नाही.

७. डे-केअरचा खर्च वेगळा मोजा

लहान मूल असलेल्या घरात भाड्याच्या खालोखाल हाच खर्च असतो, आणि या बाबतीत आयटीआयएनचा अडसर नाही. तेरा वर्षांखालील मुलाच्या सांभाळण्याच्या खर्चावर फॉर्म २४४१ मधून क्रेडिट मिळते: एका मुलासाठी ३,००० आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी ६,००० डॉलरपर्यंतचा खर्च धरला जातो. २०२५ साठी ४३,००० डॉलरवर उत्पन्न असल्यास २० टक्के मिळतात, म्हणजे दोन मुलांसाठी जास्तीत जास्त १,२००. २०२६ पासून टक्केवारी वाढली आहे: एकत्र रिटर्न भरणाऱ्यांचे उत्पन्न दीड लाखापर्यंत असेल तर किमान ३५ टक्के, म्हणजे दोन मुलांसाठी २,१०० पर्यंत, त्यापुढे ती उतरत पुन्हा २० टक्क्यांवर येते.

दुसरा मार्ग कंपनीच्या डिपेंडंट केअर एफएसए खात्याचा. पगारातून करपूर्व रक्कम त्यात वळवता येते. मर्यादा ५,००० होती, ती २०२६ पासून ७,५०० डॉलर झाली आहे. २२ टक्के फेडरल कर आणि ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी व मेडिकेअरची कपात धरली, तर ७,५०० वर सुमारे २,२२४ डॉलर वाचतात. मात्र एफएसएमध्ये टाकलेली रक्कम क्रेडिटच्या ६,००० मधून वजा होते, त्यामुळे ७,५०० टाकल्यावर क्रेडिटसाठी काहीच उरत नाही. वर्षभरात न वापरलेले पैसे बुडतात. निवड वर्षातून एकदा, बहुधा शरद ऋतूतल्या नोंदणीच्या वेळी करावी लागते, म्हणून आधी हिशेब करून ठेवावा.

आपल्या घरांसाठी सर्वांत महत्त्वाची अट अशी की दोघांचीही कमाई असली पाहिजे. जोडीदार एच-४ वर आहे, कामाची परवानगी नाही, आणि मूल सवय लागावी म्हणून डे-केअरला जाते, अशा घराला क्रेडिटही मिळत नाही आणि एफएसएचा लाभही नाही. अपवाद पूर्णवेळ विद्यार्थ्याचा आहे: एच-४ वरचा जोडीदार वर्षातले किमान पाच महिने पूर्णवेळ शिकत असेल, तर त्या महिन्यांसाठी एका मुलामागे २५० आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी ५०० डॉलर इतकी मासिक कमाई मानली जाते.

ओळखीच्या ताईंकडे मूल ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. घरचे वरण-भात मिळते, मुलाच्या कानावर मराठी पडते, आणि आमचा धाकटाही दोन वर्षे तसाच वाढला. पण फॉर्मवर सांभाळणाऱ्याचे नाव, पत्ता आणि करक्रमांक लागतो. तो मिळणार की नाही, हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने विचारावे. नाही म्हटले, तर त्यांच्या फीमध्ये क्रेडिटची रक्कम वाचत नाही हे धरूनच दुसऱ्या डे-केअरशी तुलना करावी. प्रीस्कूलची फी या खर्चात धरता येते. किंडरगार्टनपासून पुढची शाळेची फी धरता येत नाही, पण शाळा सुटल्यानंतरच्या सांभाळाची आणि उन्हाळी दिवसाच्या शिबिराची धरता येते. रात्रीच्या मुक्कामाचे शिबिर चालत नाही.

८. वर्षात घडणाऱ्या या घटनांवर लक्ष ठेवा

मूल सतरा वर्षांचे होते त्या संपूर्ण वर्षासाठी २,२०० चे ५०० होतात, वाढदिवस ३० डिसेंबरला असला तरी. महाविद्यालयाच्या अर्जांचा खर्च साधारण याच सुमारास सुरू होतो. त्या वर्षीच्या जानेवारीतच डब्ल्यू-४ बदलावा.

मुलांना आजी-आजोबांकडे भारतात ठेवले असेल, तर वर्षाच्या निम्म्याहून अधिक काळ सोबत राहण्याची अट मोडू शकते. सुट्टीतली दोन महिन्यांची भेट तात्पुरती मानली जाते. पण मूल तिथल्या शाळेत घालून वर्षभर ठेवले तर एच-४ च्या मुलाचे १८३ दिवसही भरत नाहीत आणि ५०० डॉलरही जातात.

आई-वडील व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येऊन राहिले म्हणून त्यांच्यामागे ५०० मागावेत, असा सल्ला आमच्याकडे फिरत असतो. निवासी ठरणे, त्यांचे स्वतःचे उत्पन्न आणि निम्म्याहून अधिक खर्च तुम्ही केल्याचा पुरावा अशा अनेक अटी त्यात आहेत. पुराव्याशिवाय हा दावा करू नये.

९. रिटर्न भरल्यानंतर

क्रेडिटच्या परतावायोग्य भागासह रिटर्न भरले असेल, तर करविभाग कायद्यानेच फेब्रुवारीच्या मध्यापूर्वी परतावा देत नाही; त्या पैशांवर एक फेब्रुवारीचे भाडे विसंबून ठेवू नये. भरलेल्या रिटर्नची प्रत, मुलांमागच्या क्रेडिटचा हिशेब असलेल्या शेड्यूल ८८१२ सह, जपून ठेवावी, कारण पुढच्या वर्षी आकडे का बदलले हे त्यावरूनच समजते.

मुलाचा क्रमांक, वय किंवा जोडीदाराची नोकरी यांपैकी काहीही बदलले की त्याच आठवड्यात नवा डब्ल्यू-४ भरावा, आणि पुढच्या दोन पे-स्टबवर फेडरल कराच्या कपातीचा आकडा खरोखर हलला का ते पाहावे. हलला नसेल, तर पेरोल विभागाला लगेच लेखी कळवावे.